यंत्रांचें टपाल

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे जाणारा रस्ता आंबेनळीच्या घाटाला भिडण्यापूर्वीं ज्या खोऱ्यांतून जातो, तेथें कापडें नांवाचें गांव आहे. पाठीमागें सह्याद्रीची भिंत, समोर सावित्रीकडे धांवणारे ओढे, आणि या दोहोंमध्यें आषाढांत केव्हां तुटेल याचा नेम नसलेला रस्ता, एवढें सांगितलें म्हणजे गांवाचा भूगोल बहुतेक सांगून होतो. जिल्हा रायगड, १९८१ पूर्वीं त्याचें नांव कुलाबा असें होतें. या मुलखांतील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरीला जात आला आहे, आणि त्यामुळें येथें निरोप ही चैनीची वस्तु कधींच नव्हती. मुंबईहून आलेल्या पत्रावर पेरणीचें बीं अवलंबून असे, आणि गांवाहून गेलेल्या तारेवर माणसाची शेवटची भेट.

निरोपाच्या कथाहि या मुलखाला नव्या नाहींत. जवळच्याच उमरठास तानाजी मालुसऱ्याच्या घरीं मुलाच्या लग्नाची धांदल चालली असतां राजगडाहून बोलावणें आलें, असें परंपरा सांगते. तपशिलाचा निवाडा इतिहासकारांनीं करावा. लोकांच्या स्मरणांत मात्र तो निरोप जसा बसला आहे, तशीं अनेक राजपत्रें बसलीं नाहींत. माथ्यावरच्या प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाची भेट झाली, तेव्हां रानांत दबा धरून बसलेल्या फौजेला गडावरील तोफेची इशारत ठरलेली होती, असें बखरी सांगतात. तोफ ही एकाच अक्षराची भाषा आहे. तिचा अर्थ आधीं ठरलेला असावा लागतो आणि ऐकणाराचा कान जागा असावा लागतो. जासुदाला या दोन्ही अटी नाहींत. तो चार ओळी अधिक नेतो, दार बंद असेल तर ओसरीवर थांबतो, नदीला पूर असेल तर अलीकडच्या गांवीं मुक्काम करतो आणि पाणी उतरल्यावर पुढें निघतो. पेशवाईंत जासूद बहुधा जोडीनें धाडीत. एक पडला तरी दुसरा पोंचावा हा त्यांतला हिशेब.

या थांबून पुढें जाण्याच्या युक्तीला यंत्रयुगांत कांहीं स्थान उरेल असें कोणाला वाटलें नसतें. तारायंत्रानें अंतर पुसून टाकलें, टेलिफोननें वेळहि पुसून टाकला, असेंच सर्वजण समजत होते. परंतु १९८६-८७ च्या सुमारास मुंबईंतील कांहीं संशोधकांना आपल्या संगणकांकडून एकमेकांस पत्रें धाडावयाचीं होतीं, आणि त्यांच्या हातीं आलें तें नेमकें हें जुन्या जासुदाचेंच तंत्र.

हे संशोधक नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचे. तिला सारे एनसीएसटी म्हणत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशींत ती वाढली आणि १९८५ सालीं स्वतंत्र झाली. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक होते. त्याच सुमारास भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें 'अर्नेट' नांवाची योजना हातीं घेतली. पांच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि दिल्लींतील खुद्द तें खातें, अशा आठ ठिकाणचीं यंत्रें एकमेकांशीं जोडावयाचीं, हा योजनेचा उद्देश. आरंभीं तिनें एकच सेवा देऊं केली, ती पत्रांची. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामधील दुवा हा त्यांत अगदीं पहिल्यांपैकीं. दोन्ही ठिकाणें एकाच शहरांतलीं! एखादा शिपाई लोकल आणि बस यांनीं जाऊन तो कागद हातोंहात देऊन परत आला असता, असें कोणी म्हटलें तर तें खोटें नव्हतें. परंतु १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिलें पत्र धाडलें, तेव्हां तीं दोन यंत्रें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं उभीं होतीं. आपण त्या पत्रांत काय लिहिलें होतें हें पुढें त्यालाहि आठवेना. पल्ला किती हा प्रश्नच नव्हता. यंत्रानें यंत्राला ओळखून कागद सोंपविला, हें महत्त्वाचें होतें.

पत्र धाडणाराच्या पुढें त्या काळीं चित्र नसे, रंग नसत, बोट टेकावयास बटणें नसत. काळसर पडद्यावर एक लुकलुकणारी खूण असे आणि ती आज्ञेची वाट पाही. बसणारा 'मेल' हा शब्द टंकी, त्यापुढें ज्याला लिहावयाचें त्याचा पत्ता टंकी, मग मजकूर. मजकूर संपला हें यंत्राला कळावें म्हणून एका स्वतंत्र ओळीवर केवळ एक पूर्णविराम द्यावयाचा. यंत्र यावर कांहींच बोलत नसे. बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनीं जी यूनिक्स नांवाची कार्यप्रणाली निर्माण केली, तिचा शिष्टाचारच असा कीं काम सुरळीत झालें तर तोंड उघडूं नये. बोलावयाचें तें चुकलें तरच. नवशिक्याला हें मौन फार जड जाई. आपलें पत्र गेलें कीं हवेंत विरलें, या शंकेनें तो तेंच पत्र पुनः धाडी आणि पलीकडच्या गृहस्थाला एकाच मजकुराच्या तीन प्रती वाचाव्या लागत.

वस्तुतः पत्र त्या क्षणीं कोठेंच गेलेलें नसे. तें त्याच यंत्रांतील एका कप्प्यांत जाऊन पडे. त्या कप्प्याचें इंग्रजी नांव स्पूल. टपालकचेरींतील थैली म्हटलें तर अर्थ चुकत नाहीं. ठरलेल्या वेळीं, बहुधा रात्रीं, कारण लांबच्या टेलिफोनचे दर तेव्हां उतरत, यंत्र आपण होऊन टेलिफोन फिरवी. यंत्राच्या खुणांचे ध्वनींत रूपांतर करणारें मोडेम नांवाचें उपकरण दोहों टोकांना असे. पलीकडचें यंत्र फोन उचलून आपलें नांव सांगे, अलीकडचें आपलें सांगे, परवलीचा शब्द देई, आणि मग थैली रिकामी होऊं लागे. मजकुराचे ६४ अक्षरांचे तुकडे पडत. प्रत्येक तुकड्याबरोबर त्यांतील अक्षरांवरून काढलेला एक ताळा जाई. पलीकडे ताळा जमला नाहीं तर तोच तुकडा पुनः मागविला जाई. पावसाळ्यांत मुंबईच्या टेलिफोनच्या तारांतून किती खरखर ऐकूं येई हें ज्यांना आठवतें, त्यांना या पुनःपुनः मागण्याचें मोल सांगावयास नको. सेकंदाला १२०० खुणा नेणारें मोडेम म्हणजे सुमारें १२० अक्षरें. दोन हजार अक्षरांचें पत्र जावयाला सतरा सेकंद लागत, तेंहि लाइन निर्मळ असेल तर.

या रीतीला यूयूसीपी म्हणत. बेल प्रयोगशाळेंतील माइक लेस्क यानें १९७० नंतरच्या दशकांत ती रचली. १९७९ सालीं यूनिक्सची सातवी आवृत्ति निघाली, तिच्याबरोबर ती जगभर पसरली. हिच्यासाठीं स्वतंत्र तार नको, उपग्रह नको. एक साधा टेलिफोन आणि शेजारच्या यंत्राशीं मैत्री एवढें पुरे. गरीब देशाला आणि गरीब विद्यापीठाला हें मानवलें यांत नवल नाहीं. मुंबईचा टेलिफोन १ एप्रिल १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमाकडे गेला होता, तरी नव्या जोडणीसाठीं वर्षानुवर्षें थांबण्याची लोकांची संवय मोडली नव्हती. ज्या शहरांत माणसालाच डायल टोनची वाट पाहावी लागे, तेथें यंत्रानेंहि ती पाहावी, हें न्यायाचेंच झालें.

मात्र या टपालाची एक अट होती, आणि या साऱ्या प्रकरणांतली खरी मौज तींत आहे. पत्र धाडणाराला वाट ठाऊक असावी लागे. आपलें यंत्र शेजारच्या यंत्राला ओळखतें, तें त्याच्या शेजाऱ्याला. अशा ओळखीओळखींतून पत्र पुढें सरके. म्हणून पत्त्यांत केवळ माणसाचें नांव लिहून भागत नसे. पहिल्या टप्प्याच्या यंत्राचें नांव, मग उद्गारचिन्ह, दुसऱ्याचें नांव, पुनः उद्गारचिन्ह, असे सर्व टप्पे क्रमानें लिहून शेवटीं माणसाचें नांव यावयाचें. या उद्गारचिन्हाला अमेरिकन तरुण 'बँग' म्हणत, म्हणजे धडाका. युरोपांतील पत्रांची मोठी चावडी अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेंतील 'एमसीव्हॅक्स' नांवाच्या यंत्रावर होती. तें नांव ठाऊक असलेला मनुष्य निम्म्या खंडाचा रस्ता जाणत असे. कापड्याच्या म्हातारीनें मुंबईच्या मुलाकडे निरोप धाडावा तो असाच: "पोलादपुरास अमक्याच्या दुकानीं सांगा, तो महाडच्या एस. टी. स्टँडवर तमक्याला देईल, तो परळला आमच्या शेजाऱ्याकडे पोंचवील." मधला एक गडी रजेवर गेला कीं निरोप तेथेंच अडकला. फरक इतकाच, कीं यंत्र निरोप विसरत नसे. वाट बंद असली तर तें थोड्या वेळानें पुनः फोन लावी, पुनः लावी, आणि कांहीं दिवस उलटल्यावरच हात टेकून पत्र मालकाला परत करी. अडलें कोठें तें त्यावर लिहिलेलें असे. पोंचलेल्या पत्राच्या माथ्यावरहि प्रत्येक टप्प्याची वेळ उमटत जाई, जशी जुन्या पाकिटाच्या पाठीवर एकेका टपालकचेरीची मोहोर. पत्र कोठें चार तास झोंपलें आणि कोठें रात्रभर, हें वाचणाराला उघड दिसे.

या पद्धतीला लवकरच नवी पद्धत भेटली. १९९० सालीं अर्नेटला जागतिक जाळ्यांतील स्वतःचे आंकडी पत्ते मिळाले. जानेवारी १९९१ मध्यें दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्यें कायमची भाड्याची लाइन पडली. गति सेकंदाला ९६०० खुणा. १९९२ पर्यंत आयआयटी, बंगळूरची संस्था, दिल्लीचें खातें आणि एनसीएसटी अशा लाइनींनीं बांधलीं गेलीं आणि त्याच सालीं मुंबईहून अमेरिकेंतील व्हर्जिनियापर्यंत ६४ हजार खुणांचा दुवा सुरू झाला. आजच्या घरगुती फोनपुढें ही गति हास्यास्पद आहे, परंतु एका राष्ट्राच्या विद्वानांचें परदेशाशीं होणारें बरेंचसें दळणवळण त्या एका नळींतून वाहत होतें.

आतां वाट माणसानें सांगण्याचें कारण उरलें नाहीं. मधलीं यंत्रें आपापसांत ती ठरवूं लागलीं, आणि पत्त्यांत केवळ मुक्काम राहिला. भारताचें 'डॉट इन' हें आडनांव १९८९ सालीं नोंदलें गेलें होतें, आणि त्याचा कारभार २००५ पर्यंत एनसीएसटीच्या परंपरेंतच चालला. 'अमुक, अ‍ॅट, एनसीएसटी, डॉट, अर्नेट, डॉट, इन' असा पत्ता पाहून परदेशीयांना त्यांत कांहीं नवल वाटलें असेल. मराठी माणसाला वाटण्याचें कारण नव्हतें. मुक्काम कापडें बुद्रुक, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, राज्य महाराष्ट्र: लहानाकडून मोठ्याकडे जाण्याची हीच चाल आपल्या पाकिटावर कित्येक पिढ्या चालत आली आहे. आंकडी पत्त्याचेंहि आपल्याला वावडें नव्हतें. टपाल खात्यांतील संस्कृतज्ञ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजलेला सहा आंकड्यांचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झालाच होता. महाड-पोलादपुरांतलीं पत्रें '४०२' या आंकड्यांनीं ओळखलीं जातात.

कायमची लाइन मिळतांच पत्राखेरीज समोरासमोर संभाषणहि शक्य झालें. 'टॉक' ही कमांड दिली कीं पडदा आडवा दुभंगे. वरच्या अर्ध्यांत आपलीं अक्षरें, खालच्या अर्ध्यांत समोरच्याचीं, आणि तींहि टंकतांना जशीं पडत तशींच, चुका आणि खाडाखोड यांसह. पवईंतला मनुष्य एखादा शब्द लिहून पुनः पुसतो आहे हें कानपुरांत दिसे. एकाच यंत्रावरील दोन माणसांसाठीं त्याहून जुनी 'राइट' ही कमांड होती. तिच्या माहितीपत्रकांत असा संकेत सुचविलेला आहे कीं आपलें बोलणें संपलें म्हणजे 'ओ' हें अक्षर टंकावें, आणि संभाषणच संपवावयाचें तर दोन 'ओ'. हा संकेत सरळ बिनतारी संदेशवाहकांच्या 'ओव्हर' वरून उचललेला. रेडिओच्या जगांतून संगणकाच्या जगांत गेलेलें हें एक लहानसें देणें. कामांत असलेल्यानें 'मेस्ज एन्' एवढें टंकलें कीं कोणालाहि त्याच्या पडद्यावर डोकावतां येत नसे. एवढा स्वस्त दरवाजा पुढच्या काळांतल्या साधनांनीं माणसाला दिला नाहीं.

उणीव होती ती लिपीची. या पत्रांचा सारा व्यवहार १२८ खुणांच्या इंग्रजी कोष्टकावर चाले, आणि त्यांत देवनागरीला जागा नव्हती. भारतीय लिप्यांचें कोष्टक १९८८ मध्यें झालें, १९९१ मध्यें तें राष्ट्रीय मानक ठरलें, आणि त्याच सालीं निघालेल्या यूनिकोडनें देवनागरीची मांडणी त्याच्याच आधारें केली. तरी परदेशींच्या पडद्यांवर मराठी अक्षर उमटावयास आणखी कित्येक वर्षें गेलीं. तोंवर मराठी माणूस आईला रोमन लिपींत पत्र लिही. अविनाश चोपडे यांनीं १९९१ पासून प्रसिद्ध केलेली 'आयट्रान्स' ही पद्धति यावर निघालेला एक नेटका तोडगा: 'ण' साठीं मोठा एन्, 'ळ' साठीं मोठा एल्, असें कांटेकोर लिहावें, म्हणजे आज्ञा देतांच त्यांतून शुद्ध देवनागरी छापून निघते. जें लिहिलें तें डोळ्यांना मराठी दिसत नसे, पण मोठ्यानें वाचलें कीं मराठीच निघे. कित्येक घरांत तें पत्र मुलगा वाचून दाखवी आणि आजी ऐके, म्हणजे गांवीं टपाल्यानें पत्र वाचून दाखविण्याची जुनी चालच नव्या वेषांत आली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथें हें जाळें सामान्य जनतेस खुलें केलें. त्याचें स्वस्त खातें होतें तें 'शेल'चें: घरच्या संगणकावरून फोन लावावयाचा, निगमाच्या यूनिक्स यंत्रावर नांव सांगून शिरावयाचें, आणि तेथें पुनः तोच काळा पडदा आणि तीच आज्ञेची ओळ. चित्रें दाखविणारें खातें कितीतरी महाग. त्यामुळें नव्वदांतल्या पुष्कळ मराठी घरांनीं, विशेषतः ज्यांचीं मुलें शिकावयास परदेशीं गेलीं होतीं त्यांनीं, या जाळ्याची पहिली ओळख करून घेतली ती टंकलेल्या शब्दांतूनच. पुढें दर उतरले, चित्रें आलीं, बोट लावण्याचे पडदे आले आणि आज्ञेची ओळ कारागिरांच्या खोलींत परतली. २००३ सालीं एनसीएसटी सी-डॅक या संस्थेंत विलीन झाली. रमणींचें नांव २०१४ मध्यें इंटरनेटच्या सन्मानयादींत घेतलें गेलें.

याच वर्षांत थांबत जाणाऱ्या निरोपाची कल्पना मात्र एका अनपेक्षित रूपानें खेड्यांत उतरली. कर्नाटकांत दोड्डबळ्ळापूर येथें संशोधकांनीं एका सरकारी बसवर बिनतारी यंत्र बसविलें. बस गांवांत थांबली कीं तेथल्या संगणकांतले जमिनीच्या उताऱ्याचे अर्ज आपोआप तिच्यांत चढत, आणि ती तालुक्याला पोंचली कीं तेथल्या यंत्रांत उतरत. योजनेचें नांवहि 'डाकनेट' असें ठेविलें होतें.

आजचा भ्रमणध्वनि जणूं रस्ता नेहमींच उघडा आहे असें धरून चालतो. महाड-पोलादपुरांत तसें धरतां येत नाहीं. २५ जुलै २००५ रोजीं महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथें डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये येथें दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं, आणि पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंहि तोच प्रकार झाला. रस्ते पाण्याखालीं होते, वीज गेली होती, मनोरे बंद पडले होते. तळीयेस मदत पोंचावयास दुसरा दिवस उजाडला. अशा वेळीं फोनवर बोलणें होत नाहीं, कारण बोलण्याला दोन्ही टोकें एकाच क्षणीं जागीं लागतात. लिहिलेल्या एसएमएसला तशी अट नाहीं. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ यानें नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस धाडला तोहि फोनवरून नव्हे, संगणकावरून; आणि त्याची मूळ रीत अशी कीं निरोप मधल्या केंद्रांत उतरून राहतो आणि पलीकडचा फोन जागा झाला म्हणजे त्याच्याकडे जातो. खोऱ्यांत टेकाडावर चढून क्षणभर मिळालेल्या संकेतावर दोन शब्द धाडतां येतात ते यामुळेंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या यंत्रांतहि न पोंचलेला निरोप तीस दिवस ठेवलेला असतो. धाडणाराच्या पडद्यावर तोंवर एकच टिक दिसते, आणि पलीकडे वीज येऊन फोन सुरू झाला कीं दुसरी उमटते. जुलै २०२१ च्या त्या रात्रीं खोऱ्यांतल्या अंधारलेल्या फोनांकडे मुंबईहून निघालेले निरोप त्या एका टिकेवर थांबले होते. कांहींवर दुसरी टिक दोन दिवसांनीं आली, कांहींवर आली नाहीं.